दोन सिटांची सवत

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. चेन्नईत, वेलचेरीच्या एका इमारतीखाली माझी जागा आहे. मित्रांनो, शेजारच्या गाडीचा मला फार मत्सर वाटतो, हे आधीच कबूल करते.

१९८४ साली अप्पाजींनी मला घेतलं. ते चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात फोरमन होते. नंबर लावून त्यांनी माझी सहा वर्षं वाट पाहिली होती. मी आले तेव्हा कारखान्याची सगळी क्वार्टर्स बघायला लोटली. तंजावरच्या एका लग्नाला मी नऊ माणसं नेली, टपावर हंडे-पराती वेगळ्या!

पुढे अप्पाजींचे डोळे अधू झाले. मुलगा पद्मनाभ ट्रेनने ऑफिसला जाऊ लागला. सून हेमावतीला गाडी चालवता येई, पण माझी आठवण कुणाला होईना. माझ्यावर धूळ साचली.

२००६ साली ती आली. लाल, बुटकी, दोनच सिटांची. शेजारच्या फ्लॅटमधल्या, इंग्लंडहून परतलेल्या क्षितिजची.

अप्पाजींनी त्याला विचारलं, "येवढुशी गाडी आणि फ्लॅटयेवढी किंमत? का रे बाबा?"

"अप्पाजी, वजन घटवायचेच पैसे आहेत," क्षितिज हसला. "पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम. ब्रेक मोठ्या गाडीच्या तोडीचे. अशा गाड्या थोड्याच बनतात, म्हणून साच्यांचा, यंत्रांचा सगळा खर्च तेवढ्यांवरच पडतो. वर आपल्याकडचं आयातशुल्क."

"खरं आहे. हलकं करायचं आणि मजबूतही ठेवायचं, म्हणजे महागच पडणार," म्हणत अप्पाजी तिच्या चाकाशी उकिडवे बसले. जन्मभर लोखंडात वावरलेला माणूस तो! पण माझ्या चाकाशी ते कितीतरी वर्षांत असे बसले नव्हते. मी जळफळले. नऊ माणसं नेऊन दाखव म्हणावं!

एका रविवारी दुपारी अप्पाजींच्या छातीत कळ आली. पद्मनाभ गावाला गेला होता. हेमावतीने त्यांना धरून खाली आणलं, मला किल्ली लावली. मी सगळा जीव एकवटला. कट्, कट्. बॅटरी केव्हाच मेली होती.

तेवढ्यात क्षितिज लाल गाडी घेऊन फाटकातून आत शिरला.

"काकू, इकडे बसवा त्यांना! तुम्ही मागून या."

दुसरी सीट अप्पाजींना मिळाली. लाल गाडी वळली आणि गर्दीतून वाट काढत दिसेनाशी झाली. हेमावतीने माझ्या स्टिअरिंगवर क्षणभर कपाळ टेकलं, मग ती शेअर ऑटोकडे धावली. मी दार उघडं टाकून तशीच उभी होते.

अप्पाजी वाचले. नवव्या दिवशी घरी आले, तेव्हा त्यांनी लाल गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेमावती गुरुमूर्ती मेकॅनिकला घेऊन आली. मला नवी बॅटरी मिळाली. आता रोज सकाळी ती मला घेऊन शाळेत शिकवायला जाते.

माझा मत्सर गेला का? नाही, मित्रांनो. पण तो आता लाल गाडीच्या किमतीचा नाही. त्या दुपारी अप्पाजींना तिने नेलं, मी नाही, एवढ्याचाच आहे.

म्हणून सांगते, घरातल्या जुन्या वस्तूवर माया असेल, तर तिला नुसती ठेवून देऊ नका. तिला कामाला लावा. आपल्या माणसाने हाक मारावी आणि आपल्याला ओ देता येऊ नये, असा दिवस तिच्यावर आणू नका.