एकदाच वाजवायचं

धाकटीचं म्हणणं साधं होतं: गाणं चुकलं तर पुन्हा वाजवावं. जगातला प्रत्येक वाजवणारा हेच करतो. पण थोरल्या भावाला हे पंधरा वर्षं सांगून तिने हात टेकले होते. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

थोरला गिटार वाजवायचा आणि गायचा. धाकटी ड्रम बडवायची. त्यांचा मामेभाऊ, ज्याला घरीदारी सगळे बोकाच म्हणत, तो माऊथ ऑर्गन वाजवायचा आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या खुर्चीत झोपायचा. बँडचं नाव होतं 'खरूज'. एकदा लागली की सुटत नाही, असं थोरला अभिमानाने सांगे. ते जे वाजवत त्याला पंक ब्लूज म्हणतात. म्हणजे काय, असं कोणी विचारलं की बोका एक डोळा उघडून सांगे, "ब्लूज म्हणजे आपलं दुःख शांतपणे सांगणं. पंक म्हणजे तेच शेजाऱ्याच्या दारावर लाथ घालून सांगणं. आम्ही आधी लाथ घालतो."

लाथ घालायला हरकत नव्हती. हरकत होती ती थोरल्याच्या नियमाला. रेकॉर्डिंगला गाणं एकदाच वाजवायचं. तालीम नाही, दुसरी खेप नाही. नीट झालं तर ठेवायचं. कोणी चुकलं, तार तुटली, बोक्याला शिंक आली, तर ते गाणं मेलं. मेलं म्हणजे मेलं: रेकॉर्डवर नाही, कार्यक्रमात नाही, गाडीत गुणगुणायचंसुद्धा नाही. मग थोरला गिटारच्या सगळ्या तारा सैल सोडायचा, बाकीच्या दोघांनी सुतक असल्यासारखं गप्प बसायचं, आणि तारा परत चढल्या की पुढचं गाणं.

"खरं ते पहिल्यांदाच येतं," थोरला म्हणे. "दुसऱ्यांदा माणूस स्वतःची नक्कल करतो."

हे वाक्य बाहेरच्यांना फार आवडायचं. त्यांचं काय जातंय! त्यांना त्याच्याबरोबर गाडीतून घरी जायचं नव्हतं.

या नियमाने तीन रेकॉर्ड निघाल्या. पहिली एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात झाली, कारण थोरल्याला तिथला घुमारा आवडला होता. पत्र्याखालच्या उकाड्यात तारा उतरत गेल्या आणि शेवटचं गाणं पहिल्याच्या मानाने चांगलंच खालच्या पट्टीत गेलं. दुसरीच्या वेळी कोपऱ्यातला नळ गळत होता आणि तो बंद करायला कोणी उठलं नाही, कारण उठलं तर गाणं मरायचं. एका समीक्षकाने लिहिलं, या रेकॉर्डवर लयीत असलेला एकटा तो नळच. थोरला पोट धरून हसला. ड्रम धाकटी वाजवत होती, त्यामुळे तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसरीला इतकी गाणी मेली की रेकॉर्डची दुसरी बाजू कोरीच राहिली. लोक दुकानात परत आणून देऊ लागले, आणि थोरला म्हणाला, शांतता हेही संगीतच आहे.

आता चौथी चालू होती. या वेळी खरा स्टुडिओ होता, भिंतींना जाड कापड, काचेपलीकडे एक रेकॉर्डिस्ट बाई. बाई कमी बोलायच्या आणि चुकलेल्या गाण्यानंतर फक्त चष्मा काढून पुसायच्या. गेले दोन दिवस त्या सारखा चष्मा पुसत होत्या. आज शेवटचा दिवस.

दुपारी त्या आत आल्या. "एक गाणं कमी पडतंय. कंपनीवाले एवढ्यावर रेकॉर्ड काढणार नाही म्हणतात. आहे का काही?"

थोरल्याजवळ काही उरलं नव्हतं. होतं ते सगळं त्याने मारून टाकलं होतं.

"हिच्याकडे आहे," बोका खुर्चीतून म्हणाला. "हा पेट्रोल भरायला उतरला आणि गाडीत मी झोपलोय असं वाटलं की म्हणते."

धाकटीला वाटलं, याला आत्ताच्या आत्ता खुर्चीसकट उचलून बाहेर टाकावं. ते तिचं एकुलतं एक गाणं होतं. चार वर्षं तिने ते थोरल्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि ते लाजेने नव्हे. त्याच्या हाती पडलं तर गाण्याला जगायची एकच संधी मिळणार, हे तिला माहीत होतं.

ती दिवसा एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. मोठ्या यंत्रात चादरी एका बाजूला गोळा झाल्या की ते लंगडत फिरतं, धब धब धाक्, धब धब धाक्. त्या लंगड्या चालीवर तिने ते रचलं होतं. चादर धुतली, डाग गेला, माणूस कुठे गेला सांगा. असल्या चादरी ती रोज धुवायची आणि त्यांवर झोपलेला एकही माणूस तिने कधी पाहिला नव्हता. आता रेकॉर्डच अडली म्हटल्यावर तिने ते दबक्या आवाजात म्हणून दाखवलं.

"बरंय की," थोरला ऐकून म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे फारच. "चल, घेऊ."

"आधी एकदा नुसतं वाजवून बघू, दादा."

"बघायचं काय त्यात? वाजवायचं."

"निदान शब्द तरी नीट पाठ कर!"

"शब्द झाले माझे."

झाले नव्हतेच. सुरुवात झकास झाली. बोका उभा राहून वाजवत होता, यावरूनच ओळखा. पहिलं कडवं गेलं, धाकटीचे हात हलके झाले, आणि दुसऱ्या कडव्यात थोरल्याने पहिल्याचीच ओळ उचलली. स्वतःशीच अडखळला. थांबला.

"गेलं," तो म्हणाला, आणि तार सोडायला खुंटीला हात घातला.

काचेपलीकडे चष्मा निघाला.

"चुकलास तू," धाकटी म्हणाली, "आणि मरायचं माझ्या गाण्याने?"

"नियम सगळ्यांना सारखा. माझी काय कमी गेलीत?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. लबाड माणसाशी भांडता येतं. हा पठ्ठ्या स्वतःच्या गळ्यावरही तीच सुरी फिरवणारा.

"बाई, पुन्हा घ्या," तिने काचेकडे बघून सांगितलं.

"मी वाजवणार नाही," थोरला म्हणाला.

"नको वाजवूस. बस तिकडे."

आणि ती स्वतःच गाऊ लागली. ती आजवर माइकसमोर कधी गायली नव्हती. आवाज फाटला, हात पुढे पळाला, दुसऱ्या कडव्यापर्यंत यंत्राऐवजी तीच लंगडायला लागली. ती थांबली. पंधरा वर्षांच्या सवयीने तिच्याही मनात आलं, गेलं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

"पुन्हा," ती म्हणाली.

या वेळी बोक्याने डोळे मिटले आणि तिच्या मागून अगदी हळू सूर धरला. तिने पुढे पळायचं सोडलं. गाणं शेवटपर्यंत गेलं. आवाज काही गोड लागला नव्हता, पण चादरी होत्या, यंत्र होतं, आणि न दिसलेली माणसंही होती.

"हे मी ठेवते," बाई म्हणाल्या. चष्मा नाकावरच होता.

थोरला स्पीकरच्या खोक्यावर बसला होता, मांडीवर अर्ध्या तारा सैल झालेली गिटार. "आधीपेक्षा हे बरं झालं," तो म्हणाला.

"हो."

"असं होतं?"

"होतं, दादा. सगळ्या जगात होतं! गाढवालाही कळतं ते!"

त्याने मान हलवली. भांडायला उठला नाही, आणि ते तिला जास्त जड गेलं. "मला वाटायचं, दुसऱ्यांदा घेतलं की उघड होईल," तो म्हणाला. "आपल्याला येत नाही हे. पहिल्यांदा चुकलं तर नशीब म्हणता येतं." मग सैल तारांकडे बघून, "म्हणजे ती सगळी मी उगाच मारली?"

खोटं बोलता आलं असतं. "उगाच," ती म्हणाली.

"आईचंही?"

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी आईवर रचलेलं गाणं होतं, आणि आई त्या दिवशी मुद्दाम ऐकायला आली होती. नवी साडी नेसून भिंतीला टेकून बसली होती. मधेच तार तुटली, आणि पुढचं काय, म्हणून ती नंतर कितीदा विचारायची. थोरला नियमावर बोट ठेवायचा. मग विचारणारीच राहिली नाही.

"तिला अर्धंच मिळालं, दादा," धाकटी म्हणाली. हे वाक्य तिने मनात किती वर्षं परजून ठेवलं होतं. आता बोलून झालं तर काहीच बरं वाटलं नाही.

थोरल्याने सैल तारा एकेक करून वर चढवल्या. "तुला आठवतं का ते?"

"मला सगळीच आठवतात. त्याचाच तर ताप आहे डोक्याला."

"मोज मग."

तिने काठ्या एकमेकींवर वाजवून मोजलं. तो उठला, पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि गाऊ लागला. दुसऱ्याच ओळीला चुकला. त्याचा हात सवयीने खुंटीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पुन्हा," थोरला म्हणाला.

त्यानंतर तो इतक्यांदा पुन्हा म्हणाला की बोका बसल्या जागी झोपला, बाईंनी कपाळाला हात लावला, आणि धाकटीचे खांदे भरून आले. तरी ती दर वेळी मोजत राहिली.