ठरावाबाहेरची गाडी

“ओबेड, जरा लांब जाऊन खण ना रे. त्यांना ऐकू येतंय,” आई म्हणाली.

ओबेड मंक फावड्यावर रेलून उभा राहिला. “लांब माती कडक आहे, लव्हायनाबाई. आणि मग इथून तिथवर उचलून न्यायचं कुणी? मी एकटाच आहे.”

बाबा गाडीच्या सावलीत घोंगडीवर पडले होते, खड्ड्यापासून वीस पावलांवर. डोळे खोल गेलेले, ओठ निळे. कान मात्र शाबूत होते. फावडं खडीवर घासलं की त्यांच्या पापण्या हलायच्या. थोड्या वेळाने ओबेड हातात दोरी घेऊन आला आणि एखाद्या शिंप्याच्या अदबीने म्हणाला, “एसा, जरा पाय सरळ करतोस? माप घ्यायचंय.”

आणि बाबांनी पाय सरळ केले. असे होते माझे बाबा, एसा लुडलो. पिंपं बनवणारा साधा कारागीर. कुणी काही सांगितलं की करून मोकळा.

ही अठराशे बावन्न सालच्या जूनमधली गोष्ट, प्लॅट नदीच्या काठची. मी अकरा वर्षांची होते. ओरेगनला निघालेला आमचा अडतीस गाड्यांचा तांडा त्याच सकाळी आम्हाला सोडून पुढे गेला होता. बाबांना आदल्या दिवशी पटकी झाली होती.

मिझुरी सोडण्याआधी या लोकांनी नियमावली केली होती. माणसं दोनशे, त्यांतली धड लिहिता येणारी वीस, आणि नियम एकोणतीस. अकरावा नियम असा होता : आजाऱ्यासाठी तांडा एका दिवसापेक्षा जास्त थांबणार नाही, मागे एक माणूस आणि एक फावडं ठेवलं जाईल, काम उरकलं की त्या माणसाने फावड्यासह तांडा गाठावा. ‘फावड्यासह’ हे मुद्दाम लिहिलं होतं. माणूस हरवला तर चालणार होतं बहुतेक.

या नियमाला हात वर करणाऱ्यांत बाबाही होते. तेव्हा त्यांची तब्येत उत्तम होती.

आमचा कप्तान म्हणजे कर्नल लिअँडर क्रॅबट्री. हा कुठल्या पलटणीचा कर्नल, ते त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. इलिनॉयमध्ये त्याची खानावळ होती. कप्तान निवडायची आमची रीत अशी, की उमेदवारांनी माळावर वेगवेगळ्या दिशांना चालत सुटायचं, मतदारांनी आपापल्या माणसामागे रांग धरायची, आणि ज्याचं शेपूट लांब तो निवडून आला. क्रॅबट्री पांढऱ्या घोडीवर बसून निघाला, आणि माणसं घोडी दिसते तिकडे गेली. राज्य कसं चालतं ते मला अकराव्या वर्षीच कळलं. पुढे सत्तर वर्षांत त्यात मोठी भर पडली नाही.

बाबांचा निकालही त्याच रीतीने लागला. “ज्यांना थांबायचंय त्यांनी लुडलोच्या गाडीपाशी उभं राहा,” कर्नल म्हणाला. आमच्या गाडीपाशी आई, मी आणि चार बैल. बायकांचं मत धरत नसत. बैलांचंही. ज्यांच्या पोरांना आईने सहा आठवडे आमच्या गाईचं दूध पाजलं होतं, ते सगळे समोर टोप्या चाचपत उभे होते. ओबेड तेवढा झुडपामागे बसायला गेला होता. परत आला तेव्हा कळलं, की मागे राहायला त्याची निवड एकमताने झाली आहे.

“बाई, गाडी आणि पोरगी घेऊन तुम्ही आमच्याबरोबर चला,” कर्नल आईला म्हणाला. “एसाची व्यवस्था होईल.”

“कसली व्यवस्था?”

“ख्रिस्ती माणसाला शोभेल अशी.”

“ती मेल्यावर करतात.”

“तुम्हाला त्रास होतोय हे मी समजू शकतो. पण ठराव झालाय.”

“गाडी माझ्या नवऱ्याची आहे आणि नवरा जिवंत आहे,” आई म्हणाली. “तो सांगेल तेव्हा हलेल.”

तेवढ्यात घोंगडीवरून बाबांचा आवाज आला. आवाज कसला, श्वासच. “ठराव झालाय, लव्हायना. तू जा.”

“तुम्ही गप पडून राहा,” आई म्हणाली, आणि जुवांच्या खिळ्या काढून तिने एप्रनच्या खिशात टाकल्या.

तांडा गेला. जाताना डॉक्टर फिनियस बीब आईला बजावून गेले, “पाण्याचा थेंबसुद्धा देऊ नका. पाण्याने हा रोग वाढतो.” हे डॉक्टर तांड्यात येण्याआधी केस वाढवायचं तेल विकत. स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता, तरी बाटल्या खपायच्या. तांड्यात तोवर नऊ माणसं दगावली होती; नऊही तहानलेली गेली. ‘पाणी, पाणी’ करत माणूस जायचा आणि बाकीचे त्याच्या मनाच्या बळाची तारीफ करत उभे राहायचे. आणि हे लोक स्वतः काय प्यायचे? नदीचं पाणी गढूळ म्हणून मुक्कामाजवळ हातभर खड्डे खणून त्यांत झिरपलेलं. तिथे आधीच्या तांड्यांची हागणदारी, तिथेच थडगी. पण पाणी दिसायला स्वच्छ.

शेवटची गाडी टेकाडामागे दिसेनाशी झाली तशी आई मला म्हणाली, “ड्रुसिला, गोवऱ्या आण.”

त्या माळावर झाड नावाला नसे. गव्यांचं वाळकं शेण गोळा करून आम्ही चूल पेटवायचो. मी एप्रन भरून आणलं. आईने नदीचं पाणी बादलीत निवळवलं, खळखळून उकळलं, त्यात चिमूट चिमूट मीठ घातलं आणि काकवीची धार सोडली. मग ती बाबांच्या उशाशी बसली आणि लाकडी चमच्याने एकेक घोट देऊ लागली.

ओबेड धावत आला. “अहो बाई, काय करताय? डॉक्टर नको म्हणालेत.”

“इलिनॉयात आमच्या वासरांना हगवण लागली की मी हेच पाजायची. बारा वासरं वाचवली.”

“वासरं वेगळी, माणूस वेगळा.”

“हो ना,” आई म्हणाली. “वासराला बिचाऱ्याला डॉक्टर भेटत नाही.”

बाबा घोट घ्यायचे, ओकायचे. आई तोंड पुसायची, पुन्हा घोट द्यायची. चिडणं नाही, रडणं नाही, देवाचं नाव नाही. चमचा बादलीत, चमचा तोंडात. दुपारपर्यंत ओबेडचा खड्डा कमरेएवढा झाला. तो काठावर बसला, मग उठला, मग आमच्यापाशी घुटमळू लागला.

“अजून किती वेळ लागेल, अंदाजे?” त्याने विचारलं.

“कशाला?”

“नाही, म्हणजे तांडा लांब चाललाय ना.”

आईने वर पाहिलंसुद्धा नाही. “ओबेड, फावडं हातात आहे ना? जा, गोवऱ्या भरून आण. पोरगी दमली.”

तो गेला. पुढचे तीन दिवस तो जातच राहिला. हा माणूस दुष्ट नव्हता. कुणी कामाला लावला तर तो कामाचा, नाहीतर लोक हातात देतील ते करत बसणारा. तांड्यात सगळे तसेच होते.

तिसऱ्या दिवशी बाबांनी लघवी केली. आईने ती कापडावर हात लावून पाहिली आणि प्रथमच खाली बसून गुडघ्यांत डोकं घातलं. मला वाटलं, संपलं. “वेडे, लघवी झाली म्हणजे वाचले गं,” ती म्हणाली. चौथ्या दिवशी बाबांनी पेजेसारखं पातळ मक्याचं पीठ मागितलं. पाचव्या दिवशी ओबेडने बैल जुंपले. खड्डा बुजवायचा की तसाच ठेवायचा, यावर त्याने बराच विचार केला. शेवटी तसाच ठेवला. “येईल कुणाच्या तरी उपयोगी,” म्हणाला.

तांडा पाऊणशे मैल पुढे गेला असणार, असा हिशोब धरून आम्ही पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालत होतो. बाबा गाडीत निजलेले, मुठीत येतील एवढे हडकलेले. आठव्या दिवशी दुपारीच समोर गाड्यांची पांढरी छपरं दिसली. तांडा उभा होता. कर्नलच्या घोडीच्या खुरात काटा गेला होता म्हणून अडतीसातल्या सदतीस गाड्या तीन दिवस थांबल्या होत्या. त्यासाठी कुणी शेपटं लावली नव्हती.

आम्हाला बघून आनंद झाला असं म्हणवत नाही. अडचण झाली, हा शब्द बरा. बाबांच्या आत्म्यासाठी आदल्या रविवारी प्रार्थना झाली होती, कर्नलने पाऊण तास भाषण केलं होतं, बायका रडल्या होत्या. आता ते रडणं परत कसं घ्यायचं? डॉक्टर बीब बाबांची जीभ बघून म्हणाले, “पाणी दिलं नाहीत, म्हणून वाचला.” ओबेड शेजारीच उभा होता. फावडं परत करून त्याने पावती मागितली.

मोठा पेच वेगळाच होता. रोज जी गाडी पुढे असेल ती दुसऱ्या दिवशी सर्वांत मागे जायची, अशी आमच्यात पाळी असे. कारण पुढच्या गाडीला मोकळी हवा, आणि मागच्याला सदतीस गाड्यांची धूळ. त्या खारट, पांढऱ्या धुळीत बैलांच्या नाकातून रक्त यायचं. आमची पाळी वाटून टाकली होती.

“मेलेल्याची पाळी परत देण्याचा नियम नाही,” कर्नल म्हणाला. “सभा घेऊ. तोपर्यंत तुमची गाडी रोज शेवटी.”

“सभा कधी?” आईने विचारलं.

“वेळ मिळेल तेव्हा.”

बाबांची छाती भात्यासारखी वाजत होती. त्या धुळीत हा माणूस चार दिवस काढणार नाही, हे मलाही दिसत होतं. पण बाबा काय म्हणाले? त्यांनी गाडीत उठून बसायचा प्रयत्न केला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, “आभारी आहे, कर्नलसाहेब. माझ्यासाठी माणूस ठेवलात.”

हे वाक्य बाबा पुढे सव्वीस वर्षं म्हणत राहिले. ओरेगनात कर्नल विधिमंडळावर गेला. बाबांनी प्रत्येक वेळी त्यालाच मत दिलं. जुन्या प्रवाशांच्या दरवर्षीच्या मेळाव्यात बाबांना व्यासपीठावर उभं करत, आणि ‘कर्नलने मला मरणाच्या दारातून कसं आणलं’ हे ते डोळे पुसत सांगत. आई मागे बाकांपाशी पाव कापत असायची. एकदा मी तिला म्हटलं, “अगं, सांग ना सगळ्यांना.” ती म्हणाली, “कुणाला? यांना? त्यापेक्षा पाव कापलेला बरा.” अजून त्या पावाचा, त्या सेजच्या कडवट झुडपांचा, धुराचा वास आला की माझा जीव कासावीस होतो. त्या माणसांची आठवण मात्र कधी आली नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिंग वाजलं. गाड्या एकामागून एक निघाल्या. आमच्यापुढची गाडी निघाली, आणि आई गाडीच्या दांडीवर बसून राहिली.

“लव्हायना, अगं निघाले ते!” बाबा आतून घाबरून म्हणाले. “तांड्याला धरून राहायला हवं. आपण एकटे काय करणार?”

“जाऊ द्या त्यांना.”

“कर्नल काय म्हणेल?”

“ठराव करेल.”

धुळीची भिंत उठली आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकू लागली. बैल कान हलवत उभे होते. आईने खिशातून बाबांचा फाटका मोजा काढला आणि रफू करायला घेतला. टाच झाली, अंगठा झाला. मधून मधून मान वर करून ती फक्त समोर पाहायची. कुणाच्या तरी आरोळ्या, साखळ्यांची खुळखुळ, सगळं विरत गेलं. मग बाबांचा श्वास ऐकू यायला लागला.

पार पलीकडची निळी टेकडी, तिच्यावरचा एकेक दगड मोजता येईल इतकी स्वच्छ दिसेपर्यंत ती थांबली. मग मोजा खिशात ठेवून उठली, आणि डाव्या बैलाच्या पाठीवर तिने हात ठेवला.

“चला,” ती म्हणाली.

ओरेगनपर्यंत ती रोज तेवढा वेळ बसली.