उजवी बाही

आमच्या जावयाचं वागणं मला पटत नाही, आणि न पटलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. हा माणूस मैदानावर स्वतःच्या मुलीच्या हातातून चेंडू काढून घेतो, दुसऱ्याच्या पोराच्या हातात देतो, आणि संध्याकाळी माझ्याच घरात बसून माझ्याच हातचं दोनदा वाढून घेतो. विचारलं तर म्हणतो, "आई, आकडे तसं सांगतायत." आकड्यांना तोंड कधी फुटलं?

घर माझं आहे, हे आधी सांगून टाकते. खाली माझं शिवणकाम, तीन मशिनी आणि कामाला दोन मुली. वर लेक, जावई आणि नात. शाळा माझी चौथीत सुटली, पण मापाला चुकले म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. लेक बँकेत आहे. जावई मुलांच्या बेसबॉल क्लबचा कोच. नात तेरा वर्षांची, उंच आणि किडकिडीत, म्हणून मी तिला सुई म्हणते. आता अख्खा क्लब तिला सुईच म्हणतो.

हा खेळ मला आधी वेडपटच वाटायचा. मैदानात मातीचा उंचवटा करतात, त्यावर उभं राहून एक जण चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणायचं. समोरचा दांडकं घेऊन उभा. बाकीचे नुसते वाकून बघत असतात, जसं कुणाचं काही हरवलंय. पण सुई त्या उंचवट्यावर चढली आणि माझं मत बदललं. पाय वर घेते, सगळं अंग पिळते, आणि समोरच्यानं दांडकं फिरवेपर्यंत मागच्या पोराच्या हातमोज्यात फट्ट आवाज झालेला असतो. संघात मुलगी ती एकटीच. मी गल्लीत सांगितलं, दुकानात सांगितलं, गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावतानाही सांगितलं, की आमच्या सुईचा हात लोखंडाचा आहे. आमच्या घरात दुखलंखुपलं काढत बसायची पद्धतच नाही.

तर महिन्याभरापूर्वीच्या सामन्यात सुई एकेकाला परत पाठवत होती. आम्ही पुढे होतो. तेवढ्यात हे महाशय बगलेत ती काचेची पाटी, टॅबलेट का काय ते, घेऊन चालत गेले आणि हात पुढे केला. सुईनं चेंडू दिला. देताना बापाकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तिच्या जागी कोण आलं? फरशीवाल्यांचा गोटू.

फरशीवाले म्हणजे क्लबचे अध्यक्ष. फरश्यांचं मोठं दुकान आहे, आणि जावयाच्या नोकरीचा करार दरवर्षी त्यांच्या सहीनं होतो. आता यात कुठे पाणी मुरतंय हे कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही.

घरी आल्यावर मी लेकीला धरलं.

"तुझा नवरा पोरीला विकून खातोय, कळतंय का?"

"आई, काहीतरीच बोलू नकोस. लहान मुलांना एका सामन्यात पंचाहत्तर चेंडूंच्या वर टाकू देत नाहीत. नियमच आहे. हाडं कोवळी असतात."

"मग झाले होते पंचाहत्तर?"

"त्यांनी मोजले असतील ना."

"असतील," मी म्हटलं. कापड ‘बसेल’ म्हणून मी कधी कातर लावत नाही, आणि ही नवऱ्यावर ‘असतील’ म्हणून निर्धास्त!

सुई त्या रात्री न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, मी चांगली टाकत असते तेव्हाच बाबा मला काढतात. त्यांना माझा भरवसाच नाही." महिन्याभरानं एका रविवारी मोठ्या संघाची निवड होती, तिचा सगळा जीव त्यात अडकलेला. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढ्यावर आलं.

मग मी डोळ्यांत तेल घालून बसले. जेवताना हा माणूस पाटी पाण्याच्या जगला टेकवून ठेवी आणि सुईचा एकच चेंडू पुन्हा पुन्हा बघे. मी वाढायला गेले की पाटी पालथी.

"काय झाकताय, जावईबुवा?"

"काही नाही, आई. कामाचं आहे."

जिन्यात उभं राहून फोनवर हळू बोलणं. "हो साहेब. बघतो साहेब." चोर माणूस आवाज खाली घेतो, तसाच हा आवाज होता.

त्याच आठवड्यात संघाचे नवे शर्ट माझ्याकडे शिवायला आले. लांब बाह्यांचे, अंगाबरोबर बसणारे. सुई माप द्यायला आली आणि म्हणाली, "आजी, उजवी बाही जरा सैल ठेव ना. कोपरापाशी."

"आणि डावी?"

"डावी आहे तशी ठीक."

मी टेप लावली. उजवं कोपर डाव्यापेक्षा बोटभर जाड. मला इतका आनंद झाला की मशिनीवरच्या दोघींना हाक मारून दाखवलं, "बघा गं, कसा हात भरलाय पोरीचा!" त्या हसल्या. सुई हसली नाही. मला वाटलं, लाजली.

निवडीच्या आधीचा शेवटचा सामना आला. मी कामाचा एप्रन तसाच बांधून गेले, कारण त्याला दोन खिसे आहेत. डाव्या खिशात पांढरी बटणं भरलेली. सुईनं चेंडू टाकला की एक बटण उजव्या खिशात. सरावाचे चेंडू धरायचे नाहीत, हे लेकीकडून आधीच काढून घेतलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजी, जप करताय का?" मी म्हटलं, "हो, जावयाच्या नावाचा."

सुई छान टाकत होती. पुन्हा आम्ही पुढे. आणि पुन्हा हे उठले, पंचाला म्हणाले, "पंचाहत्तर झाले," आणि हात पुढे केला. समोरच्या संघाचा मोजणारा पोरगा फोनमध्ये बघत होता, त्यानं मान हलवली. तो कशाला भांडेल? चांगली पिचर आपणहून बाहेर चाललीय, त्याचं काय जातंय?

मी बाकावर पदर पसरून उजवा खिसा रिकामा केला. एकसष्ट बटणं. पुन्हा मोजली. एकसष्टच.

सापडला! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मैदानात जाऊन याच्या पाटीवर ती बटणं ओतावी. पण मी थांबले. कापण्याआधी दोनदा बघायची माझी रीत आहे.

गोटूनं मग जो मार खाल्ला तो बघवत नव्हता. त्याचे चेंडू कुंपणापलीकडे जात होते आणि ते पोर प्रत्येक वेळी आकाशात असं बघे, जसा चेंडू तिथूनच परत येणार आहे. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर सामानाच्या खोलीमागे आवाज ऐकले. मी पलीकडे उभी राहिले. चोरून ऐकणं मी वाईट मानते, पण कान काही घरी ठेवून आले नव्हते.

"कोच, पोरीला काढलंत कशाला?" फरशीवाले ओरडत होते. "वेगाच्या यंत्रावर मी स्वतः बघितलं, शेवटचा चेंडूसुद्धा पहिल्याइतकाच होता. आणि माझ्या गोटूला मार खायला पाठवलंत! आज त्याची आई मला घरात घेईल का?"

"पंचाहत्तर झाले होते, साहेब."

"रविवारी ती पूर्ण टाकेल. एकही कमी नाही. नाहीतर पुढच्या वर्षी क्लबाला कोच दुसरा बघावा लागेल."

मी महिनाभर बसून शिवलेला सदरा एका झटक्यात उसवला. म्हणजे अध्यक्षांना हे नकोच होतं! मग हा माणूस खोटं कुणासाठी मोजत होता? फायद्यासाठी लबाडी करणारा मला कळतो, त्याच्याशी कसं वागायचं तेही कळतं. पण स्वतःची नोकरी पणाला लावून पोटच्या मुलीचं नुकसान करणारा? त्याची मला भीतीच वाटली.

संध्याकाळी मुलींना लवकर सोडलं, मशिनींवर कापड टाकलं आणि जावयाला खाली बोलावलं. कापायच्या टेबलावर बटणं ओतली.

"मोजा."

"हे काय, आई?"

"तुमच्या मुलीचे आजचे चेंडू. मोजा म्हणते ना."

त्यानं मोजली नाहीत. मग स्टुलावर बसला.

"एकसष्ट," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

"चौदा कुठून आणलेत?"

"मनानंच."

एवढ्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. त्यानं वर जाऊन पाटी आणली आणि दोन फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्हीत सुई, चेंडू हातातून सुटतानाची.

"हा उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. हा आजचा. आज हात कुठे आहे बघा."

बघितलं. चार बोटं खाली.

"वेग तोच आहे, आई, म्हणून कुणी ऐकत नाही. पण हात दर सामन्याला खाली येतोय. साठाच्या पुढे तर जास्तच. ती कोपर वाचवतेय. दुखत असणार."

"तिला विचारलंत?"

"किती वेळा. नाही म्हणते. डॉक्टरांचं नाव काढलं तर रडून गोंधळ घातला, निवड जाईल म्हणून. साहेबांना सांगितलं तर ते वेग दाखवतात. नियमाशी मात्र कुणी भांडत नाही. म्हणून मी पंचाहत्तर लवकर आणत होतो."

तरी माझा विश्वास बसेना. फोटो काय, कुणीही दोन दाखवील. अंग वळलं की हात खाली दिसायचाच. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्याच्या डोक्यावरच्या खुंटीकडे गेली. सुईचा नवा शर्ट. एक बाही घट्ट, एक सैल. सैल बाही मीच शिवलेली.

मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली. "सुई, खाली ये. शर्ट घालून बघ."

ती आली. बाप बसलेला पाहून दारातच थबकली, पण शर्ट घातला. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि म्हटलं, "दोन्ही हात सरळ पुढे कर. लांबी बघायचीय."

डावा हात सरळ झाला. उजवा कोपरापाशी वाकलेलाच राहिला.

"सरळ."

"एवढाच होतो."

"कधीपासून?"

ती बापाकडे बघेना. माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, तूच सगळ्यांना सांगितलंस ना, लोखंडाचा आहे म्हणून. मग मी कसं सांगणार?"

तोंडात टाचण्या होत्या ते बरं झालं. लगेच बोलावं लागलं नाही.

सुईचं लक्ष टेबलावर गेलं. "ही बटणं कसली?"

"आज तू टाकलेले चेंडू," बाप म्हणाला. "पंचाहत्तर नव्हते झाले. मी खोटं सांगितलं."

"म्हणजे मी वाईट टाकत नव्हते?"

"नाही गं. कधीच नाही."

तिचा चेहरा असा झाला की हसू येतंय का रडू, तिलाच ठरवता येईना. बापाला मिठी मारायला गेली, उजवा हात आपसूक मागे राहिला. ते बघून मात्र जावई रडला. मी एकेक टाचणी काढून उशीला टोचली आणि दोघांना पुरेसा वेळ दिला. मग घसा साफ केला.

"जावईबुवा, आता नाक पुसा आणि ऐका. तुम्ही चोर नाही. हे मी एकदाच म्हणतेय, पुन्हा म्हणायला लावू नका. पण तुम्ही भित्रे आहात. ‘माझ्या मुलीचं कोपर दुखतंय’ एवढं ठणकावून सांगायला लागू नये म्हणून चौदा चेंडू मनाचे घातलेत, आणि इकडे पोर समजत राहिली की बापाला तिचा भरवसा नाही. फरशीवाल्यांना घाबरलात, हिच्या रडण्याला घाबरलात, मला घाबरलात. मला घाबरता ते ठीक आहे, ते चालू ठेवा. उद्या सकाळी हिला डॉक्टरकडे न्यायचं, निवड गेली तर गेली. तिथून सरळ फरशीवाल्यांच्या दुकानात जायचं. तुम्ही फोटो दाखवायचे, बोलायचं काम माझं. करार मोडला तर माझ्याकडे काजं करायला बसा, शिकवीन मी. आणि ज्या दिवशी ही पुन्हा उंचवट्यावर चढेल, त्या दिवशी चेंडू मी मोजणार, बटणांवर. हिच्या हातातून चेंडू काढून घेत होतात ना? तशी आजपासून मी तुमच्या हातातून मोजणी काढून घेतली."