दोन गाठी, दोन मुळे

मित्रांनो, मी रनाळ्याच्या सुंदरबाईचे उजवे फुप्फुस, वापरून वापरून जुने झालेले. बरगड्यांच्या आड मला कोण विचारतो? म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागते.

सुंदरबाईने नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, उमर काढली. उन्हात लाल मिरची पसरायची, उलटायची, देठ मोडायचे. तिच्या नाकावर पदर असे, तरी तिखट वारा माझ्यापर्यंत येई. तिथे सगळेच खोकतात. म्हणून तिचा खोकला हटेना तेव्हाही नवरा भिला म्हणाला, "पथारीवर कोनले ठसका लागत नही? गूळ खाय."

खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा सून हेमांगीने तिला तपासायला नेले. स्कॅनमध्ये दोन गाठी दिसल्या. एक माझ्यात, एक डाव्या भावात. डॉक्टर म्हणाले, "एकीकडचा कॅन्सर दुसरीकडे पसरलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

लोक विचारू लागले, बाई विडी ओढायची का? तिने कधी विडीला हात लावला नव्हता. मला संताप आला. मी अजून श्वास घेत होते आणि डॉक्टर 'उपयोग नाही' म्हणून मला पुरून मोकळे!

हेमांगीने ऐकले नाही. सासूला घेऊन तिने सुरतेची गाडी धरली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गाठींचे तुकडे सुईने काढून तपासले. मग म्हणाल्या, "हा पसरलेला नाही. दोन वेगळे कॅन्सर आहेत, आपापल्या जागी उगवलेले. दोन्ही लहान आहेत. आधी उजवा काढू, ताकद आली की डावा."

भिला घाबरला. "कापू नको. चाकू लागना का कॅन्सर पसरस."

"मंग घर बसीसन तुन्हा गूळ खाऊ का?" सुंदरबाई कडाडली. "बाई, काढी टाका दोन्ही!"

माझा वरचा भाग गेला. नर्सने श्वास ओढून गोळे उचलायचे यंत्र हातात दिले. गोळा हलेना. टाके ओढत होते.

"ऱ्हाऊ दे, थकी जाशी," भिला म्हणाला.

"तू गप बस."

तिने ओढले, मी फुगले, गोळा वर गेला. पुढे डाव्या भावातलीही गाठ काढली. तपासणीला आम्ही अजून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला 'आता उपयोग नाही' असे सांगितले, तर मान हलवून परत येऊ नका. प्रत्येक गाठ वेगळी तपासली का, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका. आणि माझी कीव करू नका. मी जेवढे उरले आहे, तेवढे सगळे हवेने भरते.