मिन्नाचं बोट

आमच्या एस्टोनियाच्या हवाई दलाचा गेल्या वीस वर्षांत एकदाही पराभव झालेला नाही. हे वाक्य कोणत्याही सभेत छाती काढून म्हणता येईल. हरायला आधी लढावं लागतं, एवढंच त्यात सांगायचं राहतं.

विमानं इतकी थोडी होती की वैमानिक त्यांना नंबरापेक्षा खोडीवरून ओळखत. एक डावीकडे ओढ घेई, एक थंडीत खोकत असे. त्या खोकणाऱ्या लेतोव विमानाच्या खालच्या पंखाशी १९४० च्या जूनमधल्या त्या शुक्रवारी मिन्ना राउदकिवी वाकून उभी होती आणि डोक्यावरून पाहुण्यांची विमानं चालली होती.

पाहुणे म्हणजे शेजारचे रशियन. मागच्या हिवाळ्याआधी ते आमचं रक्षण करायला करार करून आले होते. कोणापासून, ते करारात नव्हतं. हँगरच्या काचा थरथरल्या, आदूच्या डब्यातल्या पांढऱ्या रंगावर बारीक वर्तुळं उठली.

"आजकाल घड्याळ बघावंच लागत नाही," रंगारी आदू म्हणाला. "एवढ्या जवळून गेले ना मिन्नाबाई, त्या पायलटाचा दाढीचा साबण दिसला मला."

"तू हात हलवू नकोस. रेघ वाकडी येईल."

मिन्नाचा बाप जहाजांची शिडं शिवायचा. ती विमानांचे पंख शिवायची. पंखाचा सांगाडा लाकडाचा, त्यावर कापड, कापडावर वार्निशचे हात. वार्निश वाळलं की कापड ढोलासारखं ताणतं. शेवटी आदू निळा, काळा, पांढरा असा आमच्या देशाच्या खुणेचा त्रिकोण काढायचा. मग मिन्ना उजव्या हाताचं मधलं बोट टेकवायची. ती "वाळलं" म्हणाली तर विमान आकाशात, "ओलं" म्हणाली तर जमिनीवर. कमांडरसाहेबसुद्धा या बोटापुढे बोलत नसत. सबंध हवाई दलात न वाद घालता चालणारा हुकूम तेवढा एकच होता.

पंखाखालून लेफ्टनंट इल्मार आला. मिन्नाचा एकुलता एक मुलगा, आणि त्या खोकणाऱ्या विमानाचा वैमानिक.

"आई, पंख कधी मिळणार?"

"उद्या दुपारी बघू. एवढी कसली घाई? उडायला बंदी आहे ना तुम्हाला?"

"म्हणूनच घाई." त्याने आवाज खाली आणला. आदू लगेच बहिरा झाला. "हेलसिंकीचं उतारूंचं विमान निघालं ते पोचलंच नाही. बेटावरच्या कोळ्यांनी बघितलंय. यांच्या दोन विमानांनी पाडलं."

"कोळी काहीही सांगतात."

"बाबा कोळीच होते ना?"

मिन्नाने सुई दातांत धरली. तिचा नवरा याच खाडीत गेला होता, बोटीसकट. नंतर फक्त एक वल्हं किनाऱ्याला लागलं. ते तिनं कोंबड्यांच्या खुराड्याला आडणा म्हणून लावलं होतं.

"उद्या शनिवार," इल्मार म्हणाला. "संध्याकाळी सगळे सौनात वाफ घेत असतात. कमांडर, पहारेकरी, सगळे. मी जातो. वीस मिनिटांत पलीकडे फिनलंड. मागची सीट रिकामी आहे, आई."

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्या म्हणे! हे लोक उद्या-परवा इथं उभे राहतील. पहिल्यांदा अधिकाऱ्यांना उचलतील."

"मग आताच जा की, रंगाची वाट कशाला बघतोस?"

"बिनखुणेचं विमान तिकडे दिसलं तर रशियन समजून फिनलंडवालेच पाडतील. त्यांची रशियाशी लढाई आत्ता मार्चात संपलीय. आणि दुसरं म्हणजे," तो जरा लाजला, "मी काही विमान चोरत नाहीये. आपली खूण लावूनच नेणार."

आदूचे कान परत आले. "खरंय. अर्धा त्रिकोण घेऊन कोण जाईल परदेशात? लाज आहे."

शनिवारी सकाळी पाऊस भुरभुरला, मग कडक ऊन पडलं. मिन्नानं राईचा पाव आणि खारवलेले किलू मासे न खाता डब्यात तसेच ठेवले. सकाळपासून ती पंखाकडे पाठ करून दुसरंच काही शिवत होती. पाहुण्यांची विमानं आज एकदा गेली, परत आली, परत गेली. आदूनं त्यांना शिवी देणं सोडून दिलं होतं. शिव्या संपल्या असाव्यात.

दुपारी इल्मार आला. दाढी केलेली, बूट चकचकीत.  नुसता उभा राहिला.

मिन्ना उठली. पंखाशी गेली. बाहेर हँगरच्या दारातून, पटांगणापलीकडे, खाडीची एक पट्टी दिसत होती, शिशासारखी. तिनं पांढऱ्या पट्ट्यावर बोट टेकवलं आणि जरा जास्तच वेळ तिथं ठेवलं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

"ओलं? एवढ्या उन्हात?"

"सकाळी दमट होतं. चिकटतंय. वाऱ्यात सगळा पांढरा रंग काळ्यावर ओढला जाईल. सोमवारी बघू."

आदूनं तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग ब्रश धुवायला घेतला, तो आधीच धुतलेला होता.

इल्मारनं स्वतः पंखाला हात लावून बघितला नाही. या तळावर वीस वर्षांत कोणी तसं केलं नव्हतं. आईच्या बोटाची शहानिशा करणं म्हणजे पाद्र्याला देव दाखव म्हणण्यासारखं. "पुढच्या शनिवारी मग," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी जानीच्या सणाची शेकोटी आहे. ती होऊ दे, मग बघू."

संध्याकाळी सगळे सौनात गेले. इल्मारही गेला. शनिवारच होता ना.

सोमवारी रणगाडे आले. फाटक उघडंच होतं, तरी एकानं बाजूचा खांब पाडला. आमच्या अधिकाऱ्यांना पटांगणात रांगेत उभं राहायचा हुकूम झाला. पाहुण्यांचा एक कॅप्टन दुभाष्याला घेऊन हँगरमध्ये शिरला. माणूस सभ्य होता. त्यानं लेतोवभोवती फेरी मारली आणि आदूला विचारलं, लाल रंग आहे का.

"थोडासा आहे," आदू म्हणाला. "तारे मोठे हवेत की लहान?"

रांगेकडे निघालेला इल्मार वाटेत पंखापाशी थांबला. त्यानं त्रिकोणावर बोट टेकवलं. कडेपासून कडेपर्यंत फिरवलं. मग ते बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. ते कोरडं, स्वच्छ होतं. नुसत्या दोन दिवसांत वाळलेला रंग आणि शनिवारीच वाळलेला रंग यांत बोटाला फरक कळत नाही. पण त्यानं आईकडे पाहिलं, आणि तिनं नजर खाली घातली. तेवढं पुरलं.

"डबा घे रे," मिन्ना म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहेस."

त्यानं डबा घेतला. टोपी नीट केली आणि बाहेर रांगेत जाऊन उभा राहिला.

कॅप्टननं विचारलं, विमान उडायच्या अवस्थेत आहे का. भांडारप्रमुख ताम्बेर्गसाहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे आले. काटेकोर माणूस. गळ्याशी बटण लावलेलं.

"नाही साहेब. हे नाही, कुठलंच नाही. इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो आम्ही सगळ्यांचे काढून कपाटात ठेवलेत. कोणी पोरंटोरं घेऊन पळू नयेत म्हणून. वरून गुपचूप हुकूम होता."

मिन्नाच्या हातातली कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"कधी काढले?" तिनं विचारलं. हा प्रश्न खरं तर कॅप्टनचा होता.

"शुक्रवारी रात्री," ताम्बेर्गसाहेब म्हणाले. "एकही हरवलेला नाही."