गाडीला कुशीवर वळवणारा रहाट

मित्रांनो, मोटारगाडीला कुशीवर वळवणारं यंत्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी तसलाच एक जुना लोखंडी रहाट आहे. माझं खरं नाव रोटिसरी, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. दोन टोकांना दोन खांब, प्रत्येक खांबाला एक फिरता हात, खाली चाकं आणि दोन्ही खांबांना जोडणारा एक लांब पाइप, एवढंच माझं अंग. इंजीन, चाकं, काचा, दारं काढून उरलेला गाडीचा नुसता सांगाडा माझ्या दोन हातांना बोल्टनं अडकवतात आणि हवा तसा फिरवतात. गाडीचं पोट समोर येतं. मग उभ्या उभ्या तिचा गंज खरवडता येतो. आता मी फार थकलो आहे. वळताना माझी कुरकुर होते. तरी माझी हकीकत ऐका.

मी जन्मलो तो एका माणसाच्या पाठदुखीमुळे. माझे मालक जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. जमिनीवर पुठ्ठा टाकायचा, गाडीखाली सरकायचं आणि तोंडावर पडणारा गंज झेलत तासन्‌तास पडून राहायचं, असा त्यांचा धंदा. एके दिवशी सकाळी त्यांना वाकताच येईना. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधल्या.

"आता हे बास," वहिनी म्हणाल्या. "आज नाड्या बांधते आहे, उद्या काय घास भरवू?"

मिस्त्रींना मला तयार विकत आणायचं होतं. त्यांचे साडू, म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीचे यजमान, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवत. ते म्हणाले, "विकतचं कशाला? तुमच्याकडे येणारी एक गाडी दुसरीसारखी नसते. लहान-मोठी कुठलीही बसेल असं मी बनवून देतो."

"तू फाटकं बनवतोस," मिस्त्री म्हणाले. "फाटक पडलं तर कुत्रं दचकेल. हे पडलं तर माणूस जाईल."

"म्हणून तर जाड पाइप घेऊ म्हणतोय!"

"तुम्ही दोघं बसा भांडत," वहिनी पदर खोचत म्हणाल्या. "पाइप आणायला मी जाते."

अशा रीतीनं मी घडलो. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझे सांधे जुळले. माझ्या खांबावर एक गोल भोकाभोकांची चकती बसवली. गाडी हवी तितकी वळली, की त्या भोकातून एक जाड पोलादी पिन घालायची. मग गाडी तसूभरही हलत नसे. माझी ताकद पाहायला साडू स्वतः माझ्या हाताला लोंबकळले. मी वाकलो नाही, त्यांची विजार मात्र उसवली.

पहिली गाडी चढली तेव्हा ती एका बाजूला जड झाली आणि आपोआप उलटी होऊ लागली. दोघांनी माझे हात वर-खाली सरकवून तोल शोधला. तो सापडला, तेव्हा वहिनींनी पुढे होऊन एका हातानं सबंध गाडी फिरवली. गाडीचं पोट वर आलं. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ज्याच्याखाली ते पडून होते, ते त्यांना पहिल्यांदा उभं राहून दिसत होतं.

ते माझे सुखाचे दिवस होते. वहिनी दर आठवड्याला माझ्या सांध्यांत ग्रीस भरत. गिऱ्हाइकं मला पाहायला येत. एकानं सांगितलं, की हॉटेलात कोंबडी भाजतात त्या यंत्रालाही रोटिसरी हेच नाव आहे. वहिनी म्हणाल्या, "कोंबडी निदान खाता तरी येते."

पण मित्रांनो, कौतुकाच्या मागोमाग माझी वणवण सुरू झाली. मिस्त्रींना कुणाला नाही म्हणता येत नसे. आज हा गॅरेजवाला मला मागून नेई, उद्या तो. टेम्पोत आडवा टाकून नेत, खडीवरून फरफटत नेत. मी परत येई तेव्हा अंगावर दुसऱ्याच्या रंगाचे शिंतोडे असत. ग्रीस कुणी भरत नसे. मला विश्रांती अशी मिळतच नव्हती.

"कुणी मागितलं की दिलं!" वहिनी चिडत. "उद्या मलाही द्याल नेऊन."

एकदा पलीकडच्या रस्त्यावरच्या पेंटरनं मला नेलं. त्याच्याकडे माझी पिन हरवली. त्यानं भोकात एक जुना स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि काम भागवलं. मला परत केलं तेव्हाही तो स्क्रूड्रायव्हर तसाच होता. पेंटर काही बोलला नाही. मिस्त्री घाईत होते, त्यांनी पाहिलं नाही. मला दिसत होतं, पण मला वाचा कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यावर एक जड गाडी कुशीवर वळवलेली होती. मिस्त्री वेल्डिंगचा जोड मारत होते आणि वहिनी पत्र्याचा तुकडा धरून उभ्या होत्या. स्क्रूड्रायव्हर आधी वाकला, मग तुटला. गाडी गर्रकन फिरली आणि तिची कड वहिनींच्या मनगटावर बसली.

मिस्त्रींनी हातोडा उचलून माझ्या खांबावर घातला. "भंगारात घालतो याला!" ते ओरडले.

वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी मला दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या, "मग त्याच्याशी भांडा."

हाड जुळलं, पण वाकडं. वहिनींना डब्याचं झाकण फिरवता येईना. मिस्त्री झाकण उघडून देत. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा पेंटर फळं घेऊन भेटायला आला होता. प्लास्टरकडे पाहत बराच वेळ बसला आणि उठून गेला. पिनेचं नाव त्यानं काढलं नाही.

मला मागच्या अंगणात ढकललं. माझ्या पायाशी फुटके टायर साठले. वहिनी माझ्या हातांवर धुणं वाळत घालत. त्यांना कपडे नीट पिळता येत नसत, म्हणून ते पाणी माझ्या सांध्यांत ठिबकत राही. मला गंज चढला तो त्या पाण्यानं. पण रागावणार कुणावर? कितीतरी हिवाळे-उन्हाळे मी तसाच उभा होतो.

मिस्त्री पुन्हा पुठ्ठ्यावर पडून काम करू लागले. एक दिवस गाडीखाली त्यांची पाठ अशी धरली, की बाहेर येता येईना. वहिनींनी साडूंना बोलावलं आणि दोघांनी घोटे धरून त्यांना ओढून काढलं. वहिनींनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, "रहाट आत आणा."

"त्यानं तुझा हात मोडलाय," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाले.

"त्यानं नाही मोडला. ज्यानं स्क्रूड्रायव्हर घातला त्यानं सांगितलं नाही, आणि तुम्ही बघितलं नाही. लोखंडावर कसला राग धरून बसलात?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. "बघायला हवं होतं मी," एवढंच ते म्हणाले.

साडूंनी माझा गंज घासला आणि नवी पिन केली. माझं एक चाक मात्र कायमचं अडकलं.

मी आत आल्याची बातमी पसरली आणि पेंटर मला मागायला आला. मिस्त्री सवयीनं होकाराची मान हलवणार, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "भाऊ, ती पिन हरवली होती कुठे?"

पेंटर जवळच्या डब्यावर बसला. "गटारात पडली," तो म्हणाला. "शोधली, मिळाली नाही. सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

त्यानं मान खाली घातली. "टाळलं. नवी करून द्यावी लागेल म्हणून टाळलं. आणि नंतर तुमचा हात बघितल्यावर तर तोंडच उघडेना."

 मग मिस्त्री हळूच म्हणाले, "रहाट इथून हलणार नाही. तुझी गाडी इकडे घेऊन ये." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला नाही म्हटलं असावं. तेही अर्धंच!

"आणि येताना ग्रीस घेऊन या," वहिनी म्हणाल्या. "भरायचंही तुम्हीच."

तेव्हापासून पेंटर दर आठवड्याला येतो. आल्यावर आधी वहिनींच्या हाताकडे बघतो, मग माझ्याकडे वळतो. वहिनी त्याच्याशी फार बोलत नाहीत, पण त्याला परतही पाठवत नाहीत.

मित्रांनो, माझं अंग आता दुखतं. ओझं मी अजून उचलतो, त्याची तक्रार नाही. तुम्ही कुणाची वस्तू मागून आणाल, ती हातून मोडेलही. मोडली तर तेवढं सांगा. ते सांगणं आम्हा वस्तूंना जमत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.