वाजिदची फ्रेम पडत नाही

"शिंक," इब्राहीम म्हणाला.

"येऊनच नाई राह्यली, भाऊ," मंगरू म्हणाला.

इब्राहीमने त्याच्या नाकाखाली तपकिरीची डबी धरली. मग धानोऱ्याहून मुलीकडे आलेल्या मंगरूला अशी शिंक आली, की काउंटरवरच्या पावत्या रस्त्यावर गेल्या. चष्मा मात्र त्याच्या बसक्या नाकावर होता तिथेच होता. तो वाजिदने बसवलेला होता. शिंक कमी पडली, याचं इब्राहीमला मनापासून वाईट वाटलं.

चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली स्वाती हा चष्मा घेऊन बल्लारपुरात आली होती. तो लावला की यंत्रावर हिरवा बाण तरंगताना दिसे आणि कोणता वॉल्व्ह फिरवायचा ते कामगाराला कळे. फक्त कळायच्या आत चष्मा खाली येई. बॅटरीची डबी आणि वायर धरून त्याचं वजन दोन कांद्यांएवढं होतं आणि तो स्वातीच्या सरांच्या एकट्या नाकावर बेतलेला होता. म्हणून तिने गावातल्या दोन चष्मेवाल्यांना एकेक नमुना दिला होता. ज्याची बैठक जास्त लोकांना मानवेल, त्याचं नाव चष्म्यावर छापलं जाणार होतं.

एक चष्मेवाला इब्राहीम, दुसरा वाजिद. तापलेल्या वाळूत फ्रेम मऊ करून वाकवायला त्याला इब्राहीमनेच शिकवलं होतं. त्याचा पस्तावा इब्राहीम रोज दुकान उघडताना करायचा. वाजिदचं दुकान नेमकं समोर असल्याने विसरायची सोय नव्हती. वाजिदची पाटी त्याला खुपायची, गिऱ्हाइकं खुपायची, आणि सगळ्यात जास्त वाजिदचं नाक खुपायचं. त्यावर कुठलीही फ्रेम शोभायची. धंद्यात असं नाक वापरणं इब्राहीमला बेइमानी वाटे.

मंगरूच्या नाकावरून इब्राहीमची फ्रेम घसरली होती. पण मिलमधल्या लच्छूच्या लांब नाकाला तीच मानवली आणि वाजिदची टोचली. बरोबरी झाली.

"चाचा, आता बाईमाणूस पाहिजे," स्वाती म्हणाली.

तेवढ्यात इब्राहीमची बायको अख्तरी चहाचा ट्रे घेऊन आली. इब्राहीम खुलला.

"बस इथी. हिचं माप घ्याचं कामच नाई. निकाहपासून पाहून राह्यलो हे तोंड."

त्याने तिच्याकडे न बघताच दांड्या वाळूत वाकवल्या. चष्मा अख्तरीच्या नाकावर चढला, क्षणभर थांबला आणि चहात पडला. स्वातीने तो बिस्किटासारखा बाहेर काढला.

"कप लय भरला होता," इब्राहीम म्हणाला.

इतका वेळ दाराशी उभा असलेला वाजिद आपला नमुना घेऊन अख्तरीसमोर उकिडवा बसला. "भाभी, कुठी टोचते?"

"याचं इचारता का रोजच्या चष्म्याचं?"

"रोजच्याचं."

तिने ओढणी बाजूला केली. डाव्या कानामागे काळाठिक्कर वळ होता. "लय सालं झाले."

"मले काऊन नाई सांगितलं?" इब्राहीम म्हणाला.

"तुम्ही कवा इचारलं? गिऱ्हाइकाले इचारता."

आजवरचे तिचे सगळे चष्मे त्याने आठवणीवर केले होते. आठवणीतली अख्तरी नवरीच होती. तिचे गाल भरलेले होते. इथे समोर बसलेल्या बाईचे गाल बसले होते, हाडं वर आली होती.

वाजिदने विचारत विचारत दांडी वाकवली. चष्मा बसला. स्वातीने चाचणीचा बाण चालू केला आणि अख्तरी एकदम हसली.

"या अल्ला! हिरवा बाण!"

"कुठी?" इब्राहीमने विचारलं.

"तथी. तुम्हाले नाई दिसनार."

तिने बोट दाखवलं तिथे इब्राहीमला नुसती भिंत दिसली. त्याला भिंतीचाही हेवा वाटला.

स्वातीने वाजिदचं नाव लिहून घेतलं. वाजिद हसला नाही, हे तर इब्राहीमला अजिबात सहन झालं नाही. वाजिद जायला उठला.

"थांब," इब्राहीम म्हणाला. त्याने अख्तरीचा रोजचा चष्मा वाजिदपुढे ठेवला आणि वाळूची कढई सरकवली. "हा बी करून जाय."

"तुम्हीच करा ना, भाई."

"माह्या हाताले जुनंच तोंड येते."

वाजिद कामाला लागला. इब्राहीमने भिंतीवरचा आरसा काढला आणि दोन्ही हातांनी अख्तरीसमोर धरला.

"आता?" वाजिदने विचारलं.

"जरासं अजून," अख्तरी म्हणाली.

इब्राहीमने आरसा थोडा वर घेतला. त्याच्या बाजूने त्याला आरशाची पाठ तेवढी दिसत होती.